मारुती ८००, मॉडेल १९९३ : सेल्फ फिरतो, गाडी चालू होत नाही

आधी गाडीची माहिती देतो, म्हणजे ज्यांच्या दारात हीच गाडी उभी आहे त्यांना पुढचं लागू करता येईल. मारुती ८००, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर, पॉइंटवाला डेल्को (डेल्को म्हणजे तिन्ही प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, पॉइंट म्हणजे त्यातला उघडझाप करणारा विजेचा खटका), एमएच-२३ पासिंग. नंतरच्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत पॉइंट जाऊन इलेक्ट्रॉनिक डेल्को आला, आणि २००० च्या सुमारास एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणं) आल्यावर कार्ब्युरेटरच गेला. त्यामुळे ज्यांची गाडी त्यानंतरची आहे त्यांना यातला बॅटरी आणि अर्थिंगचा भागच कामाचा.

गाडी अण्णांची. अंबाजोगाईत आमच्या दारासमोर लिंबाखाली जून २०२३ पासून उभी. मार्च २०२३ मध्ये पुन्हा पासिंग करून आणली आणि तीन महिन्यांत अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून किल्ली खुंटीला. भंगारवाला दोनदा विचारून गेला. गाडी सुस्थितीत उभी राहिली होती, मोडलेली नव्हती, म्हणून दिली नाही. या दिवाळीनंतर हातात घेतली.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलेलं. चिंध्या, लिंबोळ्यांची टरफलं, फिल्टरचा कागद कुरतडलेला. हेडलाइटकडे जाणाऱ्या दोन वायरी सोललेल्या. इंजिनकडच्या वायरी सुदैवाने शाबूत. सगळं काढून साफ करायला दीड तास गेला.

बॅटरीवर मीटर लावला तर ४.१ व्होल्ट. अशी बॅटरी चार्ज करण्यात अर्थ नसतो. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून जंपर वायरी लावल्या, चोक ओढला (थंड इंजिनला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून) आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) मारला. घर्र… घर्र… आणि टक्. दहा-बारा वेळा तसंच केलं. सेल्फला हात लावला तर चटका बसला, तेव्हा थांबलो.

आज तीन चुका केल्या. पहिली : अडीच वर्षं उभ्या असलेल्या इंजिनला सरळ सेल्फ मारला. आधी तिन्ही प्लग काढून प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं, टॉप गिअर टाकून गाडी हाताने पुढे-मागे ढकलायची, इंजिन मोकळं फिरतंय याची खात्री करायची आणि मगच किल्लीला हात लावायचा. दुसरी : ऑइलची डिपस्टिक काढून पाहिलीच नाही. याची किंमत पुढे कळली. तिसरी : टाकीत जुनं पेट्रोल असताना वरून दोन लिटर नवं ओतलं. नवंही वाया गेलं.

पेट्रोल किती जुनं हे मात्र अचूक सांगता येतं. डाव्या कप्प्यात अण्णांची वही आहे. १९९३ पासून पेट्रोल भरलेला प्रत्येक दिवस, किलोमीटरचा आकडा, लिटर आणि भाव. शेवटची ओळ १६ जून २०२३ ची, दहा लिटर. ज्यांच्या घरी अशी वही नाही त्यांनी आजपासून ठेवावी असं मी मनापासून सांगेन. पुढच्या सगळ्या कामात या वहीने माझा वेळ वाचवला. पॉइंट शेवटचे कधी बदलले, प्लग कधी, पंप कधी, सगळं तिच्यात आहे. पंप कधीच बदललेला नाही हेही त्या वहीतूनच कळलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

शाळेतून आल्यावर नवी बॅटरी आणली. ३५ अँपिअर-तासाची, जुनी देऊन ३,६५० रुपये. बसवली. १२.६ व्होल्ट. सेल्फ मारला तर आवाज कालचाच. घर्र… घर्र… टक्.

बसस्टँडकडच्या एका गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने कान देऊन ऐकलं आणि सांगितलं, "सेल्फ गेलाय, नवा टाका." रिबिल्ट सेल्फ २,८०० रुपये म्हणाला. मी काढून आधी तपासायचं ठरवलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सेल्फ उतरवायला दोन तास लागले. दोनच बोल्ट आहेत, पण खालच्या बोल्टपर्यंत हात पोचत नाही आणि तो गंजून बसलेला. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं असतं तर पंधरा मिनिटांत निघाला असता. वायंडिंगवाल्याकडे नेला. त्याने बॅटरीवर लावला तर सेल्फ सणकून फिरला. ब्रश निम्मे शिल्लक. साफसफाईचे २५० रुपये दिले आणि परत आणून बसवला. आवाज तोच.

गल्लीतले चाचा आले. एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, आता रिटायर. त्यांनी काही खोललं नाही. एक जंपर वायर घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनच्या एका उघड्या लोखंडी बोल्टला.

"आता मार."

सेल्फने इंजिन असं उचललं की गाडी हलली.

"बॅटरी भी चांगली, सेल्फ भी चांगला," चाचा म्हणाले. "वापस जायचा रस्ताच बंद हाय बेटा. अर्थिंग बघ."

गिअरबॉक्सवरून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी शोधली. वरून काळी-मळकट पण अख्खी दिसत होती. बोल्टाच्या टोकापाशी हाताने वाकवली तर कुजलेल्या सुतळीसारखे तांब्याचे तार तुटून आले. आत सगळी हिरवी भुकटी. वीस-बावीस तारांपैकी चार-पाच धड. एवढ्यावर दिवे लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून संशय येत नाही. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर मागतो, तेव्हा ती दम तोडते.

मीटरने कसं पकडायचं ते लिहून ठेवतो. मीटर डीसी व्होल्टवर. एक सुई बॅटरीच्या मायनस खांबाला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग ठीक. माझ्याकडे २.३ आला होता. नवी पट्टी टाकली, दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज लोखंड चमकेपर्यंत घासला, आता ०.२ येतो. पट्टी १८० रुपये.

बॅटरी बदलावीच लागणार होती, ती वाया गेली नाही. पण हे एक माप पहिल्या दिवशी घेतलं असतं तर सेल्फचे अडीचशे रुपये आणि दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सेल्फ आता झकास फिरतो. गाडी चालू नाही. चाचांनी क्रम सांगितला : आधी करंट (ठिणगी), मग पेट्रोल, मग टायमिंग (ठिणगी योग्य क्षणी पडते का), शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). एका वेळी एकच गोष्ट, आणि ती शंभर टक्के सिद्ध झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यांच्या या क्रमानेच पुढचं काम केलं. जिथे सोडला तिथे फसलो.

करंट. एक नंबरचा प्लग काढून लीड वायरला लावला, प्लगचं धातूचं अंग इंजिनला टेकवलं, सेल्फ मारला. ठिणगी नाही. दोन, तीन, तेच. म्हणजे दोष प्लगमध्ये नाही, तिन्ही प्लग एकदम मरत नाहीत. कॉइलच्या (ठिणगीसाठी बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणाऱ्या भागाच्या) मधल्या जाड वायरलाच ठिणगी नाही, म्हणजे डेल्कोचं झाकण आणि आत फिरणारा रोटर यांच्यावरचा संशयही गेला. उरले कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यांच्यावर ठिणगी उडू न देणारा भाग).

इथे महागडं काही लागत नाही. इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी. किल्ली ऑन करून कॉइलच्या प्लसला बल्ब लावला, लागला. म्हणजे कॉइलपर्यंत वीज येते. मग बल्ब कॉइलच्या मायनसला लावला आणि दुसरं टोक बॉडीला. सेल्फ मारल्यावर हा बल्ब लुकलुकला पाहिजे, कारण पॉइंट उघडले की तो लागतो आणि मिटले की विझतो. माझा बल्ब सतत लागलेला राहिला. म्हणजे पॉइंट मिटतच नाहीत, किंवा मिटूनही वीज सोडत नाहीत.

डेल्कोचं झाकण काढलं. पॉइंट दिसायला अगदी ठीक. उघडतात, मिटतात. स्क्रूड्रायव्हरने अलगद फाकवून टॉर्च मारला तेव्हा दिसलं. टंगस्टनच्या दोन्ही टिकल्यांवर राखाडी साय धरलेली, जुन्या आरशाला येते तशी. अडीच वर्षांत, त्यात सप्टेंबरच्या अतिवृष्टीत महिनाभर गाडी ओलीतच उभी. त्या सायीतून वीज जात नाही.

चूक नंबर चार. घरात होता तो जाडा पॉलिश पेपर घेऊन घासलं. टिकल्या चमकल्या, पण कागदाचे कण त्यांच्यातच रुतले आणि बल्ब तसाच लागलेला राहिला. चाचांनी बारीक कानस दिली. दोन-तीन हलके हात मारले, मग पेट्रोलमध्ये भिजवलेली जाड कागदाची पट्टी दोन टिकल्यांमध्ये धरून ओढली. तीन वेळा काळी निघाली, चौथ्या वेळी स्वच्छ. मग फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप. डेल्कोच्या कॅमला तीन कोपरे आहेत, कोपरा बरोबर पॉइंटच्या टाचेखाली यायला हवा, तेव्हाच गॅप मोजायचा. ०.४ ते ०.५ एमएम हवा, मी ०.४५ ठेवला.

बल्ब लुकलुकला. प्लगला ठिणगी आली. पण पिवळी, बारीक, दोन एमएमसुद्धा उडेना. आणि पॉइंटवर प्रत्येक उघडझापीला निळसर चमक. ही चमक दिसली की बोट कंडेन्सरकडे जातं.

१६ नोव्हेंबर, रविवार

गावातून ६० रुपयांचा कंडेन्सर आणला आणि बसवला. ठिणगी पूर्ण गेली. पॉइंट पुन्हा घासले, गॅप पुन्हा लावला, कॉइलच्या वायरी उलटसुलट तपासल्या. जेवायला बोलावणं आलं तरी तिथेच होतो. साडेचार तास.

शेवटी बल्ब पुन्हा लावला, तो सतत विझलेला. काल सतत लागलेला होता, आज सतत विझलेला. म्हणजे कॉइलचा मायनस कुठेतरी कायमचा बॉडीला चिकटलाय. काल-आजच्या मध्ये बदललं एकच, कंडेन्सर. काढून मीटरवर घेतला : वायर आणि बाहेरचं डबडं यांच्यात जवळजवळ शून्य ओहम. नवा कंडेन्सरच शॉर्ट. चांगल्या कंडेन्सरला मीटर क्षणभर हलतो आणि मग काहीच दाखवत नाही. डिझेल-पेट्रोलचा भाव बघतो तसा आता मी कुठलाही नवा भाग बसवण्याआधी मीटरवर बघतो.

जुना परत टाकला, पिवळी ठिणगी परत आली. मग खात्री पटली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

लातूरला काम होतं. तिथून कंडेन्सर ९० रुपये, पॉइंटचा सेट १४०, रोटर ८०. कंडेन्सर दुकानातच मीटरवर तपासून घेतला, दुकानदाराने स्वतः धरून दाखवला.

रात्री बसवला. वीज गेलेली होती, गल्ली काळीकुट्ट. त्याचा फायदा झाला. सेल्फ मारताना दोन नंबरच्या लीड वायरवरून हेडवर एक जांभळी रेघ वळवळताना दिसली. दिवसा ती कधीच दिसली नसती. वायरचं रबर तिथे तडकलेलं. लीड वायरचा सेट ३५० रुपये, तो गावातच मिळाला. कॉइल मोजली : प्रायमरी ३.१ ओहम, सेकंडरी साडेनऊ हजार. चांगली आहे, ठेवली. ज्या कॉइलबरोबर वेगळा रेझिस्टर असतो तिचा प्रायमरी आकडा साधारण याच्या निम्मा येतो, म्हणून नुसता आकडा बघून कॉइल फेकू नये.

आता ठिणगी निळी, जाड, चट्-चट् ऐकू येणारी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ही नोंद लिहायला जड जाते, पण हीच सगळ्यात जास्त लोकांनी वाचावी.

करंट सिद्ध झाला होता. पेट्रोल येतं का ते बघायचं सोडून मी घाई केली. एअर फिल्टरचं झाकण काढलं, बाटलीच्या टोपणाने दोन टोपणं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडात ओतलं आणि आत बसलेल्या पोराला म्हणालो, मार सेल्फ. फाट् असा आवाज झाला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून हातभर ज्वाळ आली. टोपण माझ्या हातात, बाटली बॉनेटखालीच ठेवलेली. चाचांनी दारातलं पोतं पाण्याच्या बादलीत बुचकळून तोंडावर टाकलं. विझलं. माझ्या उजव्या हाताचे केस जळाले, बाकी कुणाला काही झालं नाही. पोरगा दोन तास बोलला नाही.

कारण मीच होतो. नवे लीड वायर लावताना मी डेल्कोच्या झाकणावर १-२-३ असे ओळीने लावले. या इंजिनचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडरांत ठिणगी पडायचा क्रम) १-३-२ आहे. एक नंबर बरोबर, बाकी दोन अदलाबदल. त्यामुळे व्हॉल्व उघडा असताना ठिणगी पडली आणि जाळ मागे फिरला. जुने वायर एकेक काढून एकेक नवा लावला असता तर हे घडलंच नसतं. सगळे एकदम उपटू नका. उपटलेच असतील तर एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हळू फिरवा, दाब अंगठा उचलतो तो कॉम्प्रेशनचा झटका. त्या वेळी रोटरचं तोंड झाकणाच्या ज्या खांबाकडे येतं तो एक नंबरचा. तिथून रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने एक, तीन, दोन.

आणि टोपणाने पेट्रोल ओतायचं नाही. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या सिरिंजने पाच मिली, बाटली दहा पावलं लांब, झाकण परत बसवून, ओलं पोतं हाताशी, आणि मगच सेल्फ.

तसं केलं. गाडी तीन सेकंद चालली. खरी, तिन्ही सिलिंडरवर, आणि बंद पडली. अण्णा आत पलंगावर होते, त्यांनी आतूनच आवाज दिला, "चालू झाली का रे?"

तीन सेकंद चालून बंद पडणं ही चांगली खूण. करंट, टायमिंग, कॉम्प्रेशन तिन्ही कामापुरतं ठीक आहे. अडचण फक्त पेट्रोल पोचण्याची.

२२ आणि २३ नोव्हेंबर, शनिवार-रविवार

पंपाचा बाहेर जाणारा पाइप काढून बाटलीत सोडला, सेल्फ मारला. एक थेंब नाही.

मग डिपस्टिक ओढली, जी पहिल्याच दिवशी ओढायला हवी होती. ऑइल वरच्या खुणेच्याही वर आणि त्याला पेट्रोलचा भपकारा. पंप कॅमशाफ्टवर चालतो, त्याचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला की पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जायच्या ऐवजी खाली ऑइलमध्ये उतरतं. असं पातळ झालेलं ऑइल घेऊन मी दहा दिवस सेल्फ मारत होतो. त्या दिवशी गाडी तीन सेकंदांऐवजी तीस मिनिटं चालली असती तर बेअरिंगांचं काय झालं असतं ते सांगता येत नाही. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, सुमारे तीन लिटर, १,२५० रुपये. पंप नवा, ६८० रुपये. पंपाचं जुनं पॅकिंग ब्लेडने पूर्ण खरवडून काढलं, नाहीतर ऑइल गळतं.

नवा पंप, तरी थेंब नाही. पंपाचा ओढणारा पाइप स्वच्छ पेट्रोलच्या कॅनमध्ये बुडवला तर धार लागली. मग अडलंय टाकीकडे. टाकीकडे जाणाऱ्या पाइपला सायकलचा पंप लावून हवा मारली, टाकीत बुडबुडा ऐकू येईना.

टाकी उतरवली. साडेआठ लिटर निघालं. रंग कडक चहाचा, वास सुताराच्या दुकानातल्या वॉर्निशचा. काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास ठेवलं तर तळाला दोन बोटं वेगळा, गढूळ थर बसला. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल हवेतली ओल धरतं. ओल फार झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाला जाऊन बसतं. बरोबर तिथेच पंपाला पेट्रोल देणारा पाइप असतो. त्याची जाळी तपकिरी चिकटाने बुजलेली होती.

इथेनॉलबद्दल दोन शब्द, कारण जुन्या गाडीवाल्याला ते टाळता येत नाही. आता आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं, आपल्याच भागातल्या कारखान्यांतूनही निघतं, आणि त्या पैशाचं मोल मराठवाड्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. पण १९९३ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनवलेलं नाही. माझे जुने पेट्रोल पाइप बाहेरून धड होते, कापून उभे चिरले तर आतला थर ओल्या पापडासारखा सुटत होता. त्याचेच तुकडे फिल्टरमध्ये सापडले. सगळे पाइप इथेनॉल चालणाऱ्या रबराचे टाकले, ४२० रुपये, आणि फिल्टर ७०.

घरी एक प्रयोग करून पाहता येतो. उभट पारदर्शक बाटलीत २० मिली पाणी, थोडी शाई, वर १०० मिली पेट्रोल. हलवून पंधरा मिनिटं ठेवायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर फुगतो. माझ्याकडे नव्या पेट्रोलला तो २० वरून ३८ च्या आसपास गेला. हे आगीपासून लांब, अंगणात करावं. ते पेट्रोल परत टाकीत घालू नये.

टाकी धुतली. मूठभर स्वच्छ खडी आणि थोडं पेट्रोल घालून दोघांनी दोन बाजूंनी धरून हलवली, चार वेळा, आणि दिवसभर उन्हात तोंड खाली करून ठेवली. आमच्याकडच्या नोव्हेंबरच्या उन्हाचा उपयोग झाला.

कार्ब्युरेटर खोलला. फ्लोटच्या वाटीत पांढरी-हिरवी पूड. जेट (पेट्रोल जायला बारीक भोक असलेले छोटे भाग) उजेडासमोर धरले तर मेन जेटमधून उजेड येत होता, स्लो जेटमधून नाही. पोलादी तार घालू नये, भोक मोठं होतं. वायरीतला तांब्याचा एकच केस घालून आणि हवा मारून मोकळा केला. किट ४८०. कार्ब्युरेटरला एक छोटा सोलेनॉइड आहे, किल्ली ऑन केली की टक् वाजला पाहिजे. वाजतो. तो मेला तर गाडी नुसत्या ॲक्सिलरेटरवर चालते आणि पाय काढला की बंद पडते. त्यात लोक उगाच कार्ब्युरेटर बदलतात.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्रेकचं ऑइल बदललं, हँडब्रेक ओढला, चारही चाकं मोकळी फिरतात ते पाहिलं. थर्ड पार्टी विमा काढला, अडीच हजारांच्या आसपास. इंजिन चालू होण्याआधी हे लिहितोय, कारण गाडी चालू झाली की माणूस आधी रस्त्यावर नेतो आणि मग ब्रेक बघतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सात. पाच लिटर नवं पेट्रोल. आधी कॉइलची मधली वायर काढून सेल्फ मारला, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. मग वायर लावली, चोक पूर्ण ओढला. पहिल्या किल्लीला नाही. दुसऱ्या किल्लीला लागली. आधी दोन सिलिंडरवर अडखळत, मग तिसरं जुळलं आणि आवाज एकसारखा झाला. मिनिटभर सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि लिंबाची पानं.

अण्णा वॉकर घेऊन ओट्यावर आले आणि उभे राहिले. त्यांनी हाताने खूण केली, चोक आत घाल. मी विसरलो होतो.

वीस मिनिटं जागेवर चालवली. गळती नाही. तापमानाचा काटा मध्यावर. बंद केली, पुन्हा लावली. अर्ध्या सेल्फला लागली.

३० नोव्हेंबर, रविवार

परळीच्या रस्त्याला काढली. आठ-नऊ किलोमीटर सुरेख. मग ओढ गेली, ॲक्सिलरेटर दाबला तर आणखी दम टाकला, आणि बंद. उसाच्या ट्रॉल्यांची रांग मागे. ढकलून कडेला घेतली. पंधरा मिनिटं थांबून सेल्फ मारला तर लागली. अर्धा किलोमीटरवर परत बंद.

पेट्रोल पाइपात वाफ धरली असं मला वाटलं. उन्हाळ्यात आपल्याकडे ते होतंच. पंपावर ओलं फडकं टाकलं. काही फरक नाही. हवाही गार होती, ते कारण पटण्यासारखं नव्हतंच. चाचांना फोन लावला.

"टाकीचं टोपण उघड, आन् कान दे."

उघडलं. स्स्स… करून हवा आत ओढली गेली, तीन-चार सेकंद. टोपण सैल ठेवून सेल्फ मारला, लगेच लागली. सैल टोपणानेच, सावकाश, घरी आलो.

पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा टाकीत आत यायला हवी. तो रस्ता बुजला की आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. जागेवर वीस मिनिटं चालताना पेट्रोल थोडंच लागलं, म्हणून काल कळलं नाही.

संध्याकाळी टाकीचा हवेचा पाइप शोधला. मागच्या बाजूला वर बॉडीत अडकवलेलं त्याचं टोक कुंभारीण माशीने लिंपलेलं होतं. बोटाच्या पेराएवढी गोळी, विटेसारखी घट्ट. खिळ्याने फोडली. आत माती, कोषाची पातळ तपकिरी साल, आणि पिलासाठी साठवून ठेवलेल्या कोळ्यांचे वाळलेले पाय. टाकी धुताना मी त्या नळीच्या टाकीकडच्या टोकात हवा मारून पाहिली असती तर हे तेव्हाच कळलं असतं. टाकी उतरवून परत बसवली, सगळे पाइप बदलले, आणि एक हा पाइप "हा काय, हवेचा तर आहे" म्हणून तसाच जोडला.

खर्च शून्य. रस्त्यावर गेलेले दोन तास.

७ डिसेंबर, रविवार

अंबाजोगाई ते परळी वैजनाथ आणि परत, पन्नास किलोमीटरच्या आसपास. अण्णा शेजारी बसले. बालाघाटाचा उतार उतरताना आणि परत चढताना दुसऱ्या गिअरवर ओढ चांगली. कुठेही बंद पडली नाही. परळीत अर्धा तास उभी करून गरम इंजिनावर लावली, लगेच लागली. परत आल्यावर टोपण उघडून कान दिला, आवाज नाही.

अण्णांनी वही मागून घेतली आणि १६ जून २०२३ च्या ओळीखाली आजची ओळ लिहिली. पेट्रोलचा भाव विचारला आणि दोनदा खात्री करून घेतली.

इंजिन गार झाल्यावर प्लग काढले. एक आणि तीन नंबर बदामी रंगाचे, पाहिजेत तसे. दोन नंबर थोडा काळा, कोरडा. कॉम्प्रेशन मोजलं : १४०, १३२, १३८. दोन नंबरचं टॅपेट (व्हॉल्वचा गॅप) घट्ट असावं. पुढच्या रविवारी हेडचं झाकण काढतो.